मुळांच्या गाठी शोधत खोपट ते डोंबिवली

ठाणे, कल्याण, डोंबिवली ही काही कुणी हौसेने प्रवासाला जाण्याची गावं नव्हेत. आमच्या अकोल्याहून लोक तिकडे जातात ते नोकरीला, दवाखान्यात, नाहीतर लेकीच्या बाळंतपणाला. मी गेले किडे शोधायला. त्यामुळे परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, ‘मिळाले का?’ त्याचं उत्तर एका वाक्यात मावत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

किडे म्हणजे सूत्रकृमी. जमिनीत राहणारे, भिंगाशिवाय न दिसणारे. वांग्याच्या किंवा टोमॅटोच्या मुळात ते शिरले की मूळ जागोजागी सुजतं आणि त्यावर गाठी येतात. गाठीच्या आत मादी असते, पांढरी, गोल, मोहरीहूनही लहान. जन्मभर ती तिथेच बसून अंडी घालते. शेतकऱ्यांचा त्यांच्यावर दात असतो आणि ते बरोबरच आहे. मी मात्र कृषी महाविद्यालयात पेशीशास्त्र शिकवते. या माद्यांच्या अंड्यांत गुणसूत्रं कशी वागतात ते मला पाहायचं असतं, त्यामुळे गाठाळलेलं मूळ दिसलं की मला आनंद होतो. या स्वभावाचा घरच्यांना पुष्कळ त्रास झालेला आहे.

बहुतेक प्राण्यांत अंडं तयार होताना आईकडून आलेली आणि बापाकडून आलेली गुणसूत्रं आधी जोडीजोडीने शेजारी येतात, आपापसांत थोडी देवाणघेवाण करतात आणि मग निम्मी होतात. वांग्यावरच्या या सूत्रकृमीत असलं काहीच होत नाही. चाळीस-बेचाळीस गुणसूत्रं एकेकटी उभी राहतात, जोडी जुळवत नाहीत, निम्मी होत नाहीत. आईचं सगळं अंड्यात जसंच्या तसं उतरतं आणि मुलगी आईसारखीच हुबेहूब निघते. नर लागतच नाही. पुस्तकात असं लिहिलंय आणि मीही वर्षानुवर्षं असंच शिकवत आले.

माझी विद्यार्थिनी वैशाली हिला मात्र जोड्या दिसल्या. कल्याणजवळच्या एका वांग्याच्या वाडीतून तिने मुळं आणली होती. ती आमच्या हरितगृहात कुंड्यांमध्ये वाढवली, आणि काही माद्यांच्या अंड्यांत तिला गुणसूत्रांच्या स्वच्छ जोड्या दिसल्या. तिने तसं प्रबंधात लिहिलं. तपासणाऱ्यांचा शेरा आला की छायाचित्रं अस्पष्ट आहेत, रेखाटनं ‘जुळवून काढल्यासारखी’ वाटतात, जिवंत कृमींवर पुन्हा दाखवा. पुन्हा दाखवायला कृमी होते कुठे? भर मे महिन्यात हरितगृहाचे पंखे बंद पडले आणि कुंड्या झाडांसकट भाजून निघाल्या. ‘जुळवून काढलेली’ हे शब्द आधी विभागात फिरले, मग गावात. वैशाली आता एका शाळेत शिकवते. तिथेही कुणीतरी तिला हसत हसत विचारलं. तेव्हापासून ती फोनवर कमी बोलायला लागली.

मला तिचा शब्द खरा वाटत होता. पण वाटणं वेगळं आणि दिसणं वेगळं, हे मीच तिला शिकवलेलं. दिवाळीतही शाळेचे जादा तास होते, तिला रजा मिळेना. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत सूक्ष्मदर्शक साड्यांमध्ये गुंडाळला आणि मीच निघाले.

खोपट

मुक्काम ठाण्यातल्या खोपटला मावसभावाकडे, मधुकरदादाकडे. दादा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता, आता निवृत्त आहे, पण घर डेपोच्या इतकं जवळ आहे की नुसत्या आवाजावरून कुठल्या गाडीचा गिअरबॉक्स गेलाय ते तो अंथरुणात पडल्या पडल्या सांगतो. वहिनींनी जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी केली होती. ज्वारीच्या भाकरीची सवय असलेल्या माणसाला ही मऊ, पांढरी भाकरी आधी आजाऱ्याचं खाणं वाटते. चटणीचा पहिला घास पोटात गेला की मत बदलतं.

‘अगं शालू, लोक किडे मारायला औषध आणतात,’ दादा म्हणाला, ‘आणि तू तिकीट काढून त्यांना भेटायला आलीस?’

संध्याकाळी त्याने मला टेंभी नाक्यापर्यंत फिरवून आणलं. ‘आता काय बघणार तू? नवरात्रात यायचं. पाय ठेवायला जागा नसते इथे. मी गेलेलो ना या वर्षी पण. वहिनीला नको सांगूस.’

वहिनींना अर्थातच माहीत होतं. दादाच्या आणि माझ्या लहानपणी दसरा म्हणजे नागपूर. सगळी वस्ती भाकऱ्या बांधून दीक्षाभूमीला निघायची. घट बसतात, उठतात, हे शेजाऱ्यांकडून ऐकलेलं, पण एवढ्या वयात मी घट म्हणजे नेमकं काय ते कधी पाहिलं नव्हतं. या प्रवासात त्याच्याशीच गाठ पडणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

कल्याण

वैशालीने पाठवलेल्या खुणांवरून रिक्षावाल्याने मला गंधाऱ्याच्या बाजूला सोडलं. वाडी नव्हती. तिथे उंच इमारत होती, तिला गुळगुळीत फाटक होतं, आणि वांग्यांच्या जागी पोहण्याचा तलाव खणून ठेवलेला होता. मी फाटकाशी उभी राहून त्या खड्ड्याकडे बघत राहिले. एवढ्या लांब येऊन हात हलवत परत जायचं, आणि वैशालीला काय सांगायचं?

वाडीचे मालक बाळारामदादा त्याच इमारतीत राहतात. जमीन दिली, तिच्या बदल्यात घर मिळालं. ते खालीच खुर्ची टाकून बसले होते. त्यांना वैशाली चांगली आठवत होती.

‘ती बारीक पोरगी ना? चांगली वांगी सोडून किडकी मुळं मागत होती. माझी बायको बोलली, हिला कुनी फसवलं तर नाय?’

मी म्हटलं, ‘तिच्यासाठीच आलेय. वाडीतली माती कुठे असेल का थोडी?’

‘मातीची चौकशी करायला पयलीच बाई आली बग,’ ते आत ओरडले, आणि मला जेवायलाच बसवलं. वालाचं बिरडं होतं. जेवताना त्यांनी सांगितलं की दर नवरात्राच्या आधी ते वाडीतली काळी माती पिशव्यांत भरून डोंबिवलीला न्यायचे. फ्लॅटमधल्या बायकांना घटाला शेतातलीच माती लागते. ‘त्यात एक नलूकाकू हाय. दुसऱ्याची माती घ्यायचीच नाय. तिच्याकडं असंल. माती कुठं जाते? हितून उचलली, तिकडं पडली.’

बिल्डरने जी वाडी सिमेंटखाली घातली, ती पिशव्या-पिशव्यांनी डोंबिवलीच्या गच्च्यांवर जाऊन बसली होती. मला एकदम भूक लागली आणि मी बिरडं पुन्हा मागून घेतलं.

डोंबिवली, रविवार

नलूकाकू पंचाहत्तरीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, शुद्ध आणि ठणठणीत बोलणाऱ्या. मुलाबरोबर राहतात. मुलगा वर्तमानपत्रात डोकं घालून बसला होता. मी घटाबद्दल विचारलं तर त्यांना आश्चर्य वाटलं, पण सांगायला लागल्या तशा रंगल्या. पत्रावळीवर माती पसरायची, तिच्यात सात धान्यं पेरायची, मधोमध कलश. रोज पाणी. दसऱ्यापर्यंत वीतभर अंकुर येतात, ते देवाला वाहायचे, घरातल्यांनी कानावर खोवायचे.

‘आणि माती?’

‘माती तुळशीला. धान्याची रोपं उरतात तीही त्या मातीसकट कुंडीतच ठेवते मी. बाळारामने माती आणणं बंद केल्यापासून घटासाठी माती कुंडीतूनच काढते आणि दसऱ्याला पुन्हा कुंडीत घालते. तीच माती फिरते आहे.’

कुंडी गॅलरीत होती. तुळस पिवळी, खुरटलेली, पानं बोटाच्या नखाएवढी. तिच्याभोवती घटातली रोपं गवतासारखी माजली होती. मी विचारून बोटाने जराशी माती उकरली. मूळ वर आलं, आणि त्यावर गाठींची माळच होती.

‘वा!’ मी म्हणाले.

‘माझी तुळस मरते आहे,’ काकू म्हणाल्या, ‘आणि तुम्ही वा म्हणता?’

मग मला सगळं सांगावं लागलं. काकूंनी शिक्षिकेच्या सवयीने मधे मधे प्रश्न विचारले.

‘म्हणजे यांच्यात पुरुष नसतातच?’

‘असतात. खाणं कमी पडलं, दाटी झाली की मादी व्हायची ती काही पिल्लं नर होतात आणि मूळ सोडून बाहेर निघून जातात.’

‘आणि मग काय करतात?’

‘फारसं काही नाही. एखाद्याची पेशी अंड्यात शिरलीच तरी ती आतल्या आत विरून जाते.’

काकू इतक्या हसल्या की मुलाने वर्तमानपत्र खाली घेतलं. ‘काय झालं?’

‘काही नाही रे, वाच तू.’

मी पिशवीतून कात्री काढली, तशा काकू कुंडीच्या आडव्या आल्या. रविवारी तुळशीला हात लावायचा नाही. मी म्हटलं, मला पानं नकोत, फक्त मुळं हवीत. ‘पानं काय आणि मुळं काय, तुळस एकच,’ त्या म्हणाल्या. ‘शिवाय या आठवड्यात तिचं लग्न आहे. उद्या सकाळी या. मी काढून ठेवते, तुम्ही कष्ट घेऊ नका.’

आमच्या अकोल्यातही रविवारी तुळस न तोडणारी घरं आहेत. पण माझ्या घरात तुळशीचं पान चहात जातं आणि चहाला वार नसतो. तरीही त्यांच्या घरात मी पाहुणी होते. ‘उद्या येते,’ म्हणून निघाले. जाता जाता वैशालीला फोन करून सांगितलं की गाठी सापडल्या. तिने ‘हो का?’ एवढंच म्हटलं, पण फोन ठेवायला तिने फार वेळ लावला.

डोंबिवली, सोमवार

काकूंनी दार उघडलं तेच हसतमुखाने. हातात स्टीलचा डबा, वर रुमाल बांधलेला. ‘घ्या. किती घाण होती हो! सगळी मुळं चोळून धुतली. गाठी सुरीने तासून काढल्या, नाहीतर तुम्हाला प्रवासात त्रास. आणि लग्नघरातून काही द्यायचं तर हळदीशिवाय कसं द्यायचं?’

डब्यात पिवळीधमक, गुळगुळीत मुळं होती. एकही गाठ नव्हती.

‘आणि कुंडीतली माती?’ मी विचारलं.

‘ती मुलाने सकाळीच नेली खाडीत सोडायला. घटाची माती कचऱ्यात कशी टाकणार? तुळस नव्या मातीत लावली, बघा कशी ताठ उभी आहे.’

मला रडू आलं. अगदी खरोखरचं, डबा हातात धरून. काकू घाबरल्या, मला बसवलं, पाणी दिलं. मी त्यांना सांगितलं की माद्या गाठींच्या आत असतात, आणि त्यांची सगळी पिढी गाठीबरोबर गेली. मग वैशालीचंही सांगितलं, काल मी फक्त कृमींचं सांगितलं होतं. तिच्यावर खोटं रचल्याचा आळ आहे हे ऐकल्यावर काकू स्टुलावर बसल्या.

‘म्हणजे मी एका मुलीचं वाटोळं केलं?’

‘तुम्ही चांगल्या मनाने केलंत.’

‘ते राहू दे. तासलेल्या गाठी मी माती नव्हे म्हणून ओल्या कचऱ्यात टाकल्या. रोपंही उपटली ती त्यातच. बादली खाली गेली आहे, पण गाडी अजून यायची आहे.’ आणि पंचाहत्तरीची ती बाई चपला न घालता जिन्याकडे निघाली.

खाली सोसायटीचा मोठा हिरवा डबा. झाकण काढून आम्ही दोघी कोपरापर्यंत आत. दुधीच्या साली, चहाचा चोथा, कुणाचं तरी नासलेलं श्रीखंड. पहिल्या मजल्यावरच्या बाई आल्या, मग सेक्रेटरी आले. ‘काय हरवलं काकू? मंगळसूत्र? बांगडी?’ आणखी दोन बायका पदर खोचून मदतीला आल्या. सोनं म्हटलं की शेजारधर्म जागा होतो.

‘सोनं नाही,’ काकू वाकूनच म्हणाल्या. ‘एका मुलीची अब्रू आहे. वर्तमानपत्राची पुडी बघा, तपकिरी साली असलेली.’

सेक्रेटरींना काही कळलं नाही, पण बाह्या सरसावून तेही शोधायला लागले, आणि पुडी त्यांनाच सापडली. गाठी ओल्या होत्या, सुरीने तुकडे झाले होते तरी कित्येक शाबूत होत्या. त्यांच्यात घटाच्या रोपांचा गुंता अडकला होता. त्या मुळांच्या टोकांनाही बारीक गाठी होत्या, माशाच्या गळासारख्या वाकलेल्या. मी तोही गुंता तसाच घेतला. काकूंनी रडतच माझ्या हातावर साखर ठेवली. मी त्यांना बजावलं की जुन्या मातीतलं रोप कुणाला देऊ नका, आणि पुढच्या घटाला दुसरीकडची माती आणा. ‘बाळारामला काय सांगू?’ त्या म्हणाल्या. वाडी गेली, माती येणं थांबलं, हे त्या क्षणी त्या विसरल्या होत्या.

पुन्हा खोपट

वहिनींच्या जेवणाच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडला. गाठ सुईने उलगडायची, मादी बाहेर काढायची, तिच्या शेपटाकडचा कातडीचा तुकडा कापून वेगळ्या काचेवर ठेवायचा, आणि मग बाकीची मादी रंगाच्या थेंबात चिरडायची. त्या कातडीवर बोटांच्या ठशांसारख्या रेषा असतात, त्यांवरून जात ओळखता येते. बरेच जण घाईत मादी सरळ चिरडून टाकतात. वैशालीनेही तसंच केलं होतं. चिरडलेली मादी कोण होती, ते मग कुणालाच सांगता येत नाही.

रंगाच्या आम्लाला उग्र वास येतो. वहिनी आतून आल्या. ‘ताई, लोणचं खराब झालं का हो?’ तोवर एक थेंब त्यांच्या टेबलक्लॉथवर सांडलेला होता. त्याचा डाग जात नाही. मी नवं टेबलक्लॉथ पाठवणार आहे, हे इथे लिहून ठेवते म्हणजे मला टाळता येणार नाही.

तुळशीच्या गाठींतल्या माद्या आधी घेतल्या. गुणसूत्रं गोळा होऊन बसलेली, आणि जिथे सुटी झाली तिथे एकेकटी. दुसरी मादी, तीच गत. तिसरी, चौथी, तीच गत. दादा मॅच बघितल्यासारखा दर वेळी विचारायचा, ‘आली का जोडी?’ मी मान हलवायचे. पुढे पुढे त्याने विचारणं सोडलं आणि वहिनींनी न सांगता चहा आणून ठेवला. काही माद्या पाहून झाल्यावर माझ्या मनात जे आलं ते आलंच. पोरीने घाईत ढीग बघून जोड्या काढल्या असतील. तिला जोड्या हव्या होत्या, म्हणून दिसल्या असतील.

मग मी गळासारख्या गाठी घेतल्या. पहिलीच मादी, आणि भिंगाखाली जोड्या. स्वच्छ, सुट्या, दोन-दोन बिलगून उभ्या. मोजल्या, पुन्हा मोजल्या. दादाने डोळा लावला. ‘अरे, हे तर सगळे जोडीनंच आहेत की!’

मी उठून गॅलरीत गेले. आनंद आवरेना. परत येऊन तिच्या कातडीचा तुकडा पाहिला आणि खाली बसले. रेषा वेगळ्या होत्या. हा वांग्यावरचा सूत्रकृमी नव्हता, भातावरचा होता. त्याच्यात गुणसूत्रं जोड्या करतात, निम्मी होतात, आणि नर नसला तर दोन निम्मे भाग पुन्हा एक होऊन पिल्लू जन्मतं. हे सगळ्यांना आधीपासून माहीत आहे.

बाळारामदादांना फोन लावला. ‘वाडीत पावसाळ्यात काय असायचं?’

‘भात. दुसरं काय असनार? भात काढला की वांगी.’

आमच्या वऱ्हाडात वांग्याची वाडी म्हणजे वाडी, वर्षभर ओलिताखाली, भाजीशिवाय दुसरं काही नाही. वैशाली फेब्रुवारीत गेली, वांगी उभी दिसली, आणि पावसात तिथे काय होतं हे तिने विचारलं नाही. मलाही ते सुचलं नाही. कोकणातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या पोराने ही चूक केली नसती. त्या जमिनीत दोन्ही कृमी होते, भातावरचा वांग्याच्या मुळातही शिरतो, तिने आणलेल्या मुळांत दोन्ही आले, कुंडीत दोन्ही वाढले, आणि चिरडलेल्या माद्यांत कोण कोणती हे कळलं नाही. घटात दरवर्षी भात-गहू पेरला गेल्यामुळे डोंबिवलीच्या चौथ्या मजल्यावरही भाताचा कृमी सुखाने नांदला.

म्हणजे नवा शोध उरला नाही. त्याचं वाईट वाटलं, खूप वाटलं. प्रबंधातलं ते प्रकरण काढावं लागणार होतं. पण जोड्या होत्या.

वैशालीला फोन केला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

‘म्हणजे मॅडम, नवीन काहीच नाही,’ शेवटी ती म्हणाली.

‘नाही.’

‘किती होत्या जोड्या?’

‘अठरा.’

‘मी अठराच लिहिल्या आहेत.’

‘हो. तेच मी त्यांना लिहून देणार आहे.’

पलीकडे ती रडत होती की हसत होती ते कळलं नाही. मग म्हणाली, ‘मॅडम, आई इथंच आहे. तिला तुम्ही सांगता का? माझ्यामुळे तिला गावात फार ऐकावं लागलंय.’

वैशालीची आई शेतात काम करणारी बाई. मी तिला गुणसूत्रं वगैरे काही सांगितलं नाही. म्हटलं, ‘तुमच्या लेकीला जे दिसलं ते खरंच तिथे होतं. मी आज माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तिने काहीही खोटं लिहिलं नव्हतं.’

‘ते तं मले ठाऊकच होतं बाई,’ ती म्हणाली. ‘पन हे पाह्याले तुम्हाले इतल्या दूर जा लागलं काय?’

आवाजात टोमणा नव्हता. ती सरळच विचारत होती. टेबलाशी दादा आणि वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होते.

‘हो,’ मी म्हटलं. ‘मला जावं लागलं.’